रानात सापडलेली ही पिवळी अळंबी शँटरेलच ना? असेल तर नेमकी कुठली?

ओली_वाट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

तीन दिवसांच्या पावसानंतर आज रानवाटेने चालायला गेलो होतो. रान ओक आणि हिकरीचं, उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडचं, महिना जुलै. पाचोळ्यात अचानक पिवळंधमक काहीतरी दिसलं. आधी वाटलं कुणीतरी संत्र्याची साल टाकलीय. वाकून बघतो तर अळंबी! टोपी मधोमध खोलगट, कडा नागमोडी, रंग अंड्याच्या बलकासारखा. थोडं पुढे गेल्यावर आणखी काही मिळाल्या. एकूण ११ घेऊन आलो.

मला वाटतंय शँटरेल, म्हणजे ती खाण्याजोगी पिवळी अळंबी. पण शँटरेल हे एकाच जातीचं नाव नाही असंही कुठेतरी वाचलंय. तर प्रश्न दोन: (१) ही शँटरेलच का? (२) असेल तर कुठली? फोटो वरून काढलेत, तीनच आहेत आणि तेही हललेले, त्याबद्दल माफी.

शेंगदाणा
फोटो बघून मी एवढंच सांगू शकतो की ते काहीतरी पिवळं आहे.

अबोली१२
काय सुंदर रंग आहे! वाचतेय.

भिंगवाला
ओली_वाट, स्वागत. सगळ्यात आधी, तोंडात काहीही घालू नका. उत्तर मिळेपर्यंत नाही, आणि या धाग्यावर पन्नास जणांनी "हो शँटरेलच" म्हटलं तरी नाही.

आता कामाचं. वरून काढलेल्या फोटोवरून अळंबी ओळखणं म्हणजे गच्चीवरून टोप्या बघून माणसं ओळखण्यासारखं आहे. खरी ओळख टोपीखाली असते. उलटी करून बघा आणि लिहा:

खालच्या बाजूला सुट्या, पातळ, पात्यासारख्या पट्ट्या (गिल्स) आहेत की मेणबत्तीवरून ओघळलेल्या मेणासारख्या बोथट घड्या? शँटरेलला खरे गिल्स नसतात. असतात त्या घड्या. त्या फाटे फोडतात, मधे आडव्या शिरांनी जोडलेल्या असतात आणि देठावर खाली उतरत जातात. नखाने खरवडून बघा. खरा गिल टोपीपासून सुटून येतो, घडी येत नाही, कारण ती टोपीच्याच मांसाची सुरकुती असते.

मग एक उभी मधोमध कापा. आतला रंग काय? देठ भरीव की पोकळ? वास कसला? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मातीतून आली होती की लाकडातून? एकेकटी की झुपक्याने?

तिरकस
काका, एवढं कशाला? माझ्या फोनमधलं अ‍ॅप दोन सेकंदांत सांगतं. आत्ता त्याचाच फोटो दाखवला, छातीठोकपणे म्हणालं "गोल्डन शँटरेल".

भिंगवाला
तिरकस, अ‍ॅपने कुठला फोटो पाहिला? वरचाच ना? मग त्यालाही टोपीच दिसली. अ‍ॅपचं उत्तर म्हणजे शोध कुठून सुरू करायचा त्याचा पत्ता. माझ्याही फोनमध्ये आहे, वापरतोही. पण चुकलं तर उलट्या मला होणार, अ‍ॅपला नाही.

आणि "गोल्डन शँटरेल" ही काही एक जात नाही. त्यावर नंतर बोलू.

पानगळ
भिंगवालाकाकांना +१. आठवायलाही नको असा अनुभव, पण सांगते.

चार वर्षांपूर्वी आम्ही चौघे असेच फिरताना एका झाडाच्या बुंध्याशी भला मोठा केशरी झुपका सापडला. आमच्यातल्या एकाने आधी दोनदा शँटरेल शोधल्या होत्या, त्यामुळे तोच आमचा तज्ज्ञ. नीट शिजवून खाल्ल्या. चव छान होती, हे मुद्दाम सांगतेय, कारण विषारी म्हणजे कडू असा माझा समज होता. दोनेक तासांत पहिल्याला मळमळ सुरू झाली आणि मग रात्रभर चौघेही एका बाथरूमच्या दारात रांगेत. सकाळी सलाईन लागलं. उरलेला तुकडा पिशवीत होता म्हणून नंतर ओळख पटली. ऑम्फेलोटस, म्हणजे जॅक-ओ-लँटर्न. त्यात इल्युडिन नावाचं विष असतं आणि ते शिजवून जात नाही.

त्या माणसाला आम्ही अजून "तज्ज्ञ" म्हणतो. तोही मुकाट्याने हाक ओळखतो.

शेंगदाणा
बाप रे. "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं" हे बहुतेक अळंबी बघूनच सुचलं असणार.

तिरकस
पानगळ, वाईट झालं. पण मी ऐकलंय की गोगलगाईने कुरतडलेली अळंबी खायला चालते. आणि शिजवताना चांदीचं नाणं टाकलं आणि काळं पडलं तर विषारी. हे जुने लोक उगाच सांगायचे का?

सूक्ष्म
उगाच नसतील सांगत, पण चुकीचं सांगायचे. गोगलगाई विषारी अ‍ॅमानिटा अळंब्याही मजेत खातात. त्यांचं पोट वेगळं, आपलं वेगळं. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांनी, अळंबीच्या विषांचा तिच्याशी संबंध नाही. डेथ कॅप नावाच्या जीवघेण्या अ‍ॅमानिटासोबत नाणं लख्ख राहील आणि यकृत निकामी होईल.

उलट एक गंमत. खऱ्या शँटरेलला अळ्या आणि किडे फारच क्वचित लागतात. म्हणजे "किड्याने खाल्लं ते चांगलं" हा नियम लावला तर सगळ्यात चांगली तीच टाकून द्यावी लागेल.

ओली_वाट
उशीर झाला, माफ करा. सगळ्या अकराच्या अकरा वर्तमानपत्रावर उलट्या मांडून बसलो होतो. आता जरा हात थरथरतायत.

सात अळंब्यांची खालची बाजू जवळजवळ गुळगुळीत आहे. अगदी अस्पष्ट लाटा, हाताला लागतात न लागतात. नख लावलं तर काहीच सुटून येत नाही. कापल्यावर आत पांढरं, भरीव. देठ उभा फाडला तर दोऱ्यादोऱ्यांनी फाटतो. वास गोडसर, मला जर्दाळूची आठवण झाली (की वाचून वाचून तसं वाटलं, देव जाणे).

उरलेल्या चार वेगळ्याच आहेत! खाली पातळ, दाट पट्ट्या, नखाने सुटल्या. आतूनही फिकट केशरी. जर्दाळू वगैरे काही नाही, नुसता बुरशीचा वास. आणि आता आठवतंय, या चार दुसऱ्या जागेच्या. चौघींचे देठ बुडाशी एकत्र होते. लाकूड दिसलं नव्हतं हो, मातीतूनच आल्यासारख्या वाटल्या. म्हणून मी एकाच पिशवीत टाकल्या.

भिंगवाला
त्या चार ऑम्फेलोटस इल्युडेन्स. तुमच्या भागात ओकच्या बुंध्याशी आणि जमिनीत गाडलेल्या मुळांवर तीच येते. मातीतून आल्यासारखी दिसते, खाली मात्र कुजणारं मूळ असतं. तिथे परत गेलात तर काडीने थोडं उकरून बघा.

फक्त झुपका आहे म्हणून निकाल देऊ नये, हेही सांगून ठेवतो. शँटरेलचेही दोन-तीन देठ कधी बुडाशी चिकटलेले असतात. झुपका, खरे गिल्स आणि आतला रंग, तिन्ही जुळले म्हणून मी ठामपणे बोलतोय.

आणि सात-चार वेगळ्या झाल्या तरी पिशवी एकच होती. तुकडे, चुरा सगळा एकमेकांत मिसळला असणार. खाण्याचा विषय संपला. अभ्यास मात्र आता सुरू.

अबोली१२
अंगावर काटा आला. जॅक-ओ-लँटर्न अंधारात चमकतात ते खरं आहे का?

सूक्ष्म
खरं आहे, पण फोटोत दिसतं तसं झगमगीत नाही. गिल्समधून अगदी मंद हिरवट उजेड येतो. अळंबी ताजी हवी, खोली ठार अंधारी हवी आणि डोळ्यांना दहा-पंधरा मिनिटं सरावू द्यायला हवं. दिसला नाही म्हणजे शँटरेल, असा उलटा अर्थ मात्र काढायचा नाही.

अवांतर: याच इल्युडिनपासून इरोफुल्वेन नावाचं औषध बनवून कर्करोगावर चाचण्या झाल्या होत्या.

ओली_वाट
आत्ता वीस मिनिटं न्हाणीघरात दिवा बंद करून बसून आलो. सुरुवातीला काही नाही. मग मला वाटलं दिसतंय, मग वाटलं भास आहे. शेवटी अळंबी डावीकडे-उजवीकडे हलवली, तर तो धुरकट ठिपकाही तिच्यासोबत हलला! बाहेर आलो तर बायको दारात उभी. "काय चाललंय?" या प्रश्नाचं सोपं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

शेंगदाणा
=)) "अगं, अळंबी हलवून बघत होतो."

कोरडा_विनोद
या प्रजातीबद्दल आधी ऐकलं नव्हतं. छान माहिती.

भिंगवाला
कोरडा_विनोद, एक खोड काढतो. वर्तमानपत्रं स्पीशीजला "प्रजाती" म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकांत प्रजाती म्हणजे जीनस, अनेक जातींचा गट, आणि जाती म्हणजे स्पीशीज. या धाग्यापुरतं तेच धरू या. नाहीतर ओली_वाट यांचा दुसरा प्रश्न कुणाला कळणारच नाही.

कोरडा_विनोद
चालेल. पण काका, "जात कुठली?" असं अळंबीला विचारताना मला अवघडल्यासारखं होतंय.

भिंगवाला
तिला होत नाही. विचारा.

पानगळ
मग विचारतेच. ही भानगड मुळात झाली कशी? एकाच नावाखाली एवढ्या जाती कशा आल्या?

सूक्ष्म
हा माझा आवडता विषय, तेव्हा थोडं लांबेल.

जीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये शँटरेलला अगॅरिकस या प्रजातीत टाकलं. त्याच्यासाठी खाली पट्ट्या असलेल्या जवळपास सगळ्या अळंब्या अगॅरिकसच. पुढे १८२१ मध्ये स्वीडिश कवकशास्त्रज्ञ फ्राइसने तिला कँथरेलस सिबेरियस म्हटलं. कँथरेलस हे ग्रीक 'कँथारोस'वरून, म्हणजे दोन कानांचा मद्याचा पेला. सिबेरियस म्हणजे खाण्याजोगी. बाकी भाषांतली नावंही गोड आहेत. रशियनमध्ये 'लिसिच्की' म्हणजे छोट्या कोल्हीणी, पोलिशमध्ये 'कुर्का' म्हणजे छोटी कोंबडी.

गोम अशी की फ्राइसच्या डोळ्यांसमोर युरोपातली अळंबी होती. नंतर जगात जिथे जिथे पिवळी, घड्यांची, पेल्यासारखी अळंबी सापडली, तिला लोकांनी डोळे मिटून सिबेरियस म्हटलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तर पोत्यांनी गोळा व्हायची, सगळी 'सिबेरियस' म्हणून. कॉर्नर यांनी व्हँकूव्हर बेटावरच्या अळंबीला १९६६ मध्येच कँथरेलस फॉर्मोसस असं वेगळं नाव दिलं होतं. पण ते नाव बरीच वर्षं पुस्तकातच पडून राहिलं. किनाऱ्यावरची नेहमीची शँटरेल ती हीच, हे १९९७ मध्ये नीट दाखवलं गेलं. १९९९ मध्ये तर ऑरेगनने तिला राज्य-अळंबी केलं. त्यानंतर कॅस्केडेन्सिस (२००३), कॅलिफोर्निकस (२००८) अशा बहिणी निघत गेल्या. २०१३ मध्ये एकट्या विस्कॉन्सिनमधून तीन नव्या जातींची नोंद झाली: फ्लावस, फास्मॅटिस आणि स्पेक्टॅक्युलस.

म्हणजे अळंबी तीच होती, तिच्याकडे बघणारे बदलले.

तिरकस
की वैज्ञानिकांना पेपर छापायचे होते म्हणून एकीच्या तीन केल्या? थोडी पिवळी, थोडी फिकट, झाली नवी जात. आमच्या घरातल्या भावंडांतही यापेक्षा जास्त फरक आहे.

सूक्ष्म
शंका रास्त आहे. नुसत्या रंगावर केलं असतं तर मीही तुमच्याच बाजूने बोललो असतो. पण डीएनए वेगळा आहे, सोबतीची झाडं बऱ्याचदा वेगळी आहेत, आणि एकाच रानात शेजारी उगवूनही त्या आपापल्या वेगळ्या राहतात.

दिसण्यावर गेलं तर काय होतं त्याचा नमुना बघा. 'खोटी शँटरेल', म्हणजे हायग्रोफोरॉप्सिस ऑरँटियाका, एके काळी कँथरेलसमध्येच होती. केशरी, देठावर उतरणारे, फाटे फुटलेले गिल्स. आज ती बोलेटेलीज गणात आहे. म्हणजे टोपीखाली स्पंजासारखी छिद्रं असणाऱ्या बोलीटची ती नातलग. आणि हेजहॉग अळंबी, जिच्या टोपीखाली चक्क काटे लोंबतात, ती शँटरेलच्या गणातली निघाली. आता तर बरेच जण दोघींना एकाच कुळात, हिडनेसीत, ठेवतात. घड्या, काटे, गुळगुळीत पृष्ठभाग हे सगळे बीजाणू धरण्याचे निरनिराळे मार्ग. नातं त्यावरून ठरत नाही.

अबोली१२
म्हणजे चेहरा चुलतीचा आणि रक्त मावशीचं.

वाटेवरचा_दगड
मधेच घुसतोय. अळंबी उपटायची की चाकूने कापायची? आमच्या चालण्याच्या गटात यावरून भांडणं होऊन दोन गट पडलेत. उपटल्याने खालचं कवकजाल मरतं ना?

भिंगवाला
स्वित्झर्लंडमध्ये यावर १९७५ पासून २९ वर्षं प्रयोग चालला होता, निष्कर्ष २००६ मध्ये आले. उपटा किंवा कापा, पुढच्या वर्षांच्या पिकात फरक पडला नाही. पिकावर परिणाम झाला तो पायाखाली जमीन तुडवल्याने, आणि तोही कायमचा नव्हे. तेव्हा दोन्ही गटांना सांगा, भांडायचं तर वाटेवर उभं राहून भांडा.

ओळखीसाठी मात्र बुडापासून अलगद उकरूनच काढावी. बूड जमिनीत ठेवून कापली की अर्धा पुरावा तिथेच राहतो. देठ मातीतून आला की मुळावरून, बुडाशी पिशवीसारखं आवरण होतं का, काहीच कळत नाही.

वाटेवरचा_दगड
गटावर टाकलं. आता तिसरा गट पडलाय.

ओली_वाट
मूळ मुद्द्याकडे येतो. काल रात्री सातपैकी एकीचा बीजाणूंचा ठसा घेतला. देठ कापून टोपी काचेवर पालथी ठेवली, वर वाडगा झाकला. सकाळी काचेवर नाजूक ठसा! आधी पांढराच वाटला. मग काच पांढऱ्या कागदावर धरली तर फिकट पिवळसर, त्यात किंचित गुलाबी झाक.

भिंगवाला
उत्तम काम केलंत. ठसा गंजासारखा तपकिरी आला असता तर वेगळीच काळजी होती. कॉर्टिनेरियसच्या काही जाती केशरी-तपकिरी असतात आणि त्यांतलं ओरेलॅनिन मूत्रपिंड घालवतं. लक्षणं दोन दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. तोवर आपण काय खाल्लं होतं तेही माणूस विसरलेला असतो. मात्र ठशाने ऑम्फेलोटस वेगळी काढता येत नाही, तिचाही ठसा फिकटच. ती गिल्सनेच पकडायची.

तर आता जात. खाली जवळजवळ गुळगुळीत, ठशाला गुलाबी झाक, ओकचं रान, पूर्व अमेरिका, जुलै. माझं मत: कँथरेलस लॅटेरिशियस, गुळगुळीत शँटरेल.

हिची कथाही सूक्ष्म यांच्या मुद्द्यातलीच. कवकशास्त्रज्ञ बर्कलीने १८५६ मध्ये तिला क्रेटरेलस या दुसऱ्या प्रजातीत घातलं होतं, कारण घड्या नाहीत. शंभरेक वर्षांनी सिंगरने कँथरेलसमध्ये आणली.

सूक्ष्म
बहुधा काका बरोबर आहेत. पण मी "बहुधा"ला चिकटून राहीन. लॅटेरिशियस वयात आली की तिच्या खालीही शिरा उमटतात, आणि दुसऱ्या शँटरेलची कोवळी फळं कमी घड्यांची असू शकतात. सातही साधारण एकाच वयाच्या होत्या का? एखाद्या म्हातारीवर खोल घड्या असतील तर मी फ्लावसचा विचार करेन.

ओली_वाट
सगळ्यात मोठी तळहाताएवढी आहे, कडा फाटलेल्या. तिच्याही खाली फक्त कडेजवळ पुसट शिरा. बाकी गुळगुळीत.

सूक्ष्म
मग माझाही कौल लॅटेरिशियसला.

तिरकस
एवढी चर्चा करण्यापेक्षा डीएनए काढून टाका की. आता स्वस्तात होतं म्हणे.

सूक्ष्म
होतं, पण नेमकं इथेच शँटरेल त्रास देते. बुरशी ओळखायला सहसा आयटीएस नावाचा तुकडा वाचतात. कँथरेलसमध्ये तो तुकडा बराच लांब असतो आणि नेहमीच्या पद्धतीने बऱ्याचदा वाचताच येत नाही. म्हणून या प्रजातीसाठी टीईएफ-१ नावाचं जनुक वापरतात. पाठवायचं असेल तर आधी विचारून घ्या, टीईएफ-१ करता का.

तोवर एक-दोन अळंब्या मंद गरम हवेत कडकडीत वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. सोबत तारीख, जागा, आसपासची झाडं आणि ताजी असतानाचा रंग व वास लिहा. वाळल्यावर रंग-वास काही उरत नाही.

ओली_वाट
वाळवायला ठेवल्या. पाकिटावर लिहिलंय: "कँथरेलस, बहुधा लॅटेरिशियस. ओकखाली, मातीतून. जर्दाळू (?)". उरलेल्या अळंब्या आणि ती पिशवी टाकून दिली.

दुपारी दोन्ही जागा परत पाहून आलो. दुसऱ्या जागी काडीने उकरलं. चार बोटं खाली काळं, भुसभुशीत झालेलं मूळ निघालं, मनगटाएवढं जाड. पाच पावलांवर तोडलेल्या ओकचा खुंट होता, त्याचंच असणार. काल त्याच खुंटावर बसून मी पाणी प्यायलो होतो.

पानगळ
:| असो. सुटलात.

शेंगदाणा
काका, अकरा अळंब्या, दोन प्रजाती, एक विष, एक न्हाणीघर. धागा वसूल.

ओली_वाट
एक राहिलंच. पहिल्या ओकपासून जरा वर, शेवाळात आज नवीनच काहीतरी उगवलंय. करंगळीएवढं, लालसर, शेंदरासारखा रंग. खाली घड्या आहेत आणि देठावर उतरतात. एक आणलंय, या वेळी वेगळ्या डबीत. नवा धागा काढू की इथेच विचारू?

भिंगवाला
इथेच विचारा. पण आधी कापा.